घरी येणाऱ्या आयाबाईंना लस कोण देणार?



आपल्या समाजाचे आणि इस्पितळाचे नाते जुने आहे. मुंबईच्या इस्पितळांत आपल्या कितीतरी लेकीसुनांनी नर्स म्हणून आयुष्य घालवले. डॉ. जेरुशा झिराड तर कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. त्या पिढीला हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीपासून वाचवणारी लस नव्हती. वापरलेली सुई हाताला टोचली तर नशिबावर हवाला ठेवण्यावाचून इलाज नसे.

या रोगाच्या विषाणूचा माग डॉ. बारूक ब्लुमबर्ग या यहुदी शास्त्रज्ञाने लावला. त्याबद्दल १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्या लशीला मंजुरी मिळाली. तरी लस निघाली म्हणून प्रत्येकाच्या दंडापर्यंत पोहोचली असे झाले नाही. १९९१ मध्ये येथे नियम आला : ज्याचा कामात रक्ताशी संबंध येतो, त्याला मालकाने कामावर लागल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ही लस फुकट देऊ केली पाहिजे. डॉक्टर असो वा झाडूवाला, नियम एकच. १९८३ मध्ये अमेरिकेतील सुमारे १७ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लागण झाली असा अंदाज आहे. २०१० मध्ये तो आकडा २६३ वर आला.

नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, अशी तोरेत आज्ञा आहे. कठडा बांधायचा तो घरमालकाने. वर येणाऱ्याने जपून चालावे एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. लशीचेही तसेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतात २०११ पासून देशभर बाळांना ही लस मिळते. पण आज इस्पितळात कचरा उचलणारे, चादरी धुणारे आणि ब्यूरोतून आपल्या घरी येणाऱ्या आयाबाई त्याआधी जन्मलेल्या आहेत. आपल्याला इन्शुलिन त्या देतात, जखम त्या पुसतात, वापरलेली सुई त्याच टाकतात. लस न घेतलेल्याला बाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० असते. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहू शकतो.

धोका उलट दिशेनेही येतो. आमचे हर्नडन ज्या व्हर्जिनिया राज्यात आहे, तेथील काही वृद्धनिवासांत २००९ ते २०११ या काळात मधुमेही रहिवाशांना बी-कावीळ झाली. रक्तातील साखर तपासताना पुरेशी काळजी घेतली गेली नव्हती. म्हणून बोट टोचण्याचे उपकरण प्रत्येकाचे स्वतंत्र हवे, नवऱ्याचे बायकोनेही वापरू नये.

आता आपण काय करावे? हर्नडनला एजन्सीची बाई येत असेल, तर एजन्सीला लशीबद्दल विचारा. मुंबई-ठाण्यात असाल, तर ब्यूरोला विचारा. तेथे कोणी दाद देत नसेल, तर तीन डोसांचा खर्च आपणच उचला. पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वापरलेली सुई झाकण न लावता जाड, बंद डब्यात टाका. सुई टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठा. उपचार २४ तासांच्या आत झालेला बरा. साठीपुढच्यांनीही स्वतःसाठी तपासणी आणि लस याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

एक विनंती. तपासणीत बाईंना बाधा निघाली, तर त्यांची भाकरी तोडू नका. एकत्र जेवल्याने, हात धरल्याने किंवा खोकल्याने हा रोग पसरत नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. जीव वाचवण्यासाठी आपल्या धर्मात शब्बाथही मोडता येतो. येथे तर फक्त थोडे पैसे मोडायचे आहेत.