तीस एस्कुदोंची नोट

विद्यार्थी मित्रहो, तीस रुपयांची नोट तुम्ही कधी पाहिली आहे? नाही ना! मग पोर्तुगीज अमलातील गोव्यात १९५९ साली ३०, ६०, ३०० आणि ६०० एस्कुदोंच्या नोटा का बरे निघाल्या?

तोपर्यंत तिथे रुपया चाले. तो बदलून एस्कुदो आला, तेव्हा एका रुपयाला सहा एस्कुदो असा दर ठरला. आता सहाने भागून पाहा : ५, १०, ५०, १०० रुपये! नाव बदलले, हिशेब जुनाच राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढे या नोटा व्यवहारातून गेल्या.

पेठ वडगावाहून गोवा फार लांब नाही. घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी नोट सापडली, तर आधी तिची किंमत विचारू नका. ती कोणी, कधी, कशी आणली हे आजी-आजोबांना विचारून वहीत टिपा. नोट धुऊ नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता निघत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटापेक्षा पॉलिएस्टरचे बरे.

शिक्षकांनाही एक विनंती. प्रदर्शनातले बक्षीस नोटा मोजून नव्हे, नोंदवही वाचून द्यावे. शंभर नोटा चिकटवणाऱ्यापेक्षा एका नोटेचा छडा लावणारा विद्यार्थी मला मोठा संशोधक वाटतो.

या नोटांवर दाढीवाला अल्बुकर्क आहे. त्याने गोवा जिंकला १५१० मध्ये. साडेचारशे वर्षांनंतर त्याचेच चित्र का निवडले असेल?