घरपट्टीची पावती म्हणजे परवाना नव्हे

वसईच्या बाजारांत आमच्या मायबहिणी भेंडी मोडून पाहतात, मासळीचा कल्ला उघडून मगच भाव करतात. कोणाचा काटा खोटा, कोणता दवाखाना बरा, रात्रीं कोणता रस्ता टाळावा, हें शेजारणीस विचारल्यावांचून त्या राहत नाहींत. मग जन्माची कमाई ओतून घर घेतांना ही चौकशी कोठें जाते, असें आम्ही विचारतों.

नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठीं राखलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उठल्या. उच्च न्यायालयाच्या हुकुमानें २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या. घेणारे रस्त्यावर आले. त्या मजल्यावर मजले चढत असतां सरकारी पहारेकऱ्यांचे डोळे कोठें होते कोण जाणे! त्याच वर्षीं २६ ऑगस्टच्या मध्यरात्रीं विरारच्या विजयनगरांत रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसें मेलीं. तीहि इमारत अनधिकृतच.

आमचे कारागीर बंधु म्हणतात, ‘घरपट्टी भरतों, मग घर कायदेशीर नव्हे काय?’ नव्हे! महापालिका कायद्याच्या २६७-अ कलमांतच लिहिलें आहे कीं, बेकायदा बांधकामावर कर व शास्ती घेतली म्हणून तें अधिकृत ठरत नाहीं. विजेच्या बिलाचेंहि तसेंच. विसार देण्यापूर्वीं बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र मागा. दलालानें दिलेल्या नकलेवर विसंबूं नका, शिक्के खोटेहि निघतात. महापालिकेच्या नगररचना खात्यांत जाऊन ताडून पाहा. वाचतां येत नसेल, तर शाळेंत जाणारी पोर बरोबर न्या.