चोक भंगारात टाकण्यापूर्वी

एखाद्याला विनोद उशिरा कळला, की आपण त्याला 'ट्यूबलाइट' म्हणतो. लुकलुकत, थांबत थांबत पेटणाऱ्या जुन्या नळीच्या दिव्यावरून ही थट्टा आली. आता घरोघरी एलईडी दिवे लागत आहेत. जुने दिवे उतरतात आणि त्यांच्यातील जड लोखंडी चोक भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. विजेची बचत होते, हे चांगलेच आहे. पण त्यांतला एक चोक तुम्ही शाळेसाठी मागून घ्यावा, असे मला वाटते. (नंतरचे हलके इलेक्ट्रॉनिक चोक उपयोगाचे नाहीत.)

चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे. असे वेटोळे काय करते, असे वर्गात विचारा. 'विद्युत्‌प्रवाहाला विरोध करते' असे उत्तर हमखास येईल. माझ्या मते हे अर्धवट उत्तर आहे, आणि ते डोक्यात पक्के बसले की पुढचे सारेच अवघड होते. प्रवाहाला विरोध करतो तो तारेचा रोध. वेटोळ्याचे स्वप्रवर्तन विरोध करते ते प्रवाहातील बदलाला. प्रवाह वाढू लागला, तर ते त्याला मागे खेचते. कमी होऊ लागला, तर पुढे रेटते.

हा फरक नुसत्या शब्दांनी पटत नाही. तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली एवढे करून पाहा. चोकची दोन टोके बटणामार्फत १.५ व्होल्टच्या एका घटाला जोडा. चोकच्या त्याच दोन टोकांना निऑनचा छोटा दिवाही जोडा. खोलीत अंधार करा. बटण दाबा, काहीच होणार नाही. निऑन पेटायला सुमारे ७० व्होल्ट लागतात, तो दीड व्होल्टने कसा पेटेल? आता बटण सोडा. दिवा क्षणभर लकाकेल!

घट तोडल्यावर दिवा पेटला, तो कशाने? प्रवाह वाहत असताना वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठली होती. प्रवाह तुटू लागताच तो टिकवून धरण्यासाठी ती ऊर्जा बाहेर आली. बदल जितका झटपट, तितका विद्युत्‌दाब मोठा. नळीचा दिवा पेटवणारा धक्काही चोक असाच देत असे. म्हणून प्रयोग करताना उघड्या टोकांना बोट लावू नका, आणि घरातल्या विजेला तर हा चोक मुळीच जोडू नका.

अभ्यासक्रम संपत नाही, प्रयोगांना वेळ कुठला, असे काही शिक्षक म्हणतील. त्यांना मी जोसेफ हेन्रीची आठवण करून देईन. तो अमेरिकेतील ऑल्बनी गावच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. घटापासून लांब तार सोडवताना ठळक ठिणगी पडते, आखूड तारेत ती पडत नाही आणि लांब तार गुंडाळली तर ठिणगी आणखी वाढते, हे त्याने १८३२ साली प्रसिद्ध केले. आज प्रवर्तकत्वाचे एकक 'हेन्री' आहे. शाळेतल्या एका शिक्षकाने ठिणगीकडे नीट पाहिले, त्याची ही खूण आहे.

आपल्या वर्गात मात्र हेन्री हे एकक आधी पाठ होते आणि ठिणगी बहुधा दिसतच नाही. हा क्रम उलटवायला पाच मिनिटे, एक घट आणि भंगारातला एक चोक पुरेसा आहे.