पिकअपची ताकद आणि तिच्यावरील ओझें

शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीच्या जागीं आतां पुष्कळ ठिकाणीं पिकअप उभी दिसते. भाजीपाला बाजारांत नेणें, खत आणणें, टाकी चढवून बागेस पाणी देणें, फवारणीचें यंत्र फिरविणें, अशीं नाना कामें तिच्याकडून होतात. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु गाडी विकत घेतांना किंमत, हप्ता व इंजिनाची ताकद यांची जितकी चौकशी होते, तितकी ही गाडी नेमकें किती वजन वाहूं शकते या एका प्रश्नाची होत नाहीं. आणि तिच्यावर एखादी वस्तु कायमची बसवितांना तर तो प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. या उपेक्षेचें फळ पैशांत व प्रसंगीं प्राणांत भोगावें लागतें. म्हणून या विषयाकडे आपल्या संघाच्या सभासदांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा हिशेब अमेरिकेंत एका निराळ्याच निमित्तानें फार बारकाईनें केला जातो. तेथें पिकअपच्या हौद्यांत सरकवून बसविण्याजोगी एक लहानशी कुटी मिळते. तिला कॅम्पर म्हणतात. तींत निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी, गॅसचें नळकांडें, बॅटरी अशी सर्व सोय असते. कुटी चार कोपऱ्यांच्या जॅकवर उचलून धरावी, गाडी तिच्याखालीं मागें घ्यावी, कुटी हौद्यांत उतरवून आंवळून बांधावी, कीं प्रवासास निघावें. कापडी छपराच्या हलक्या कुटीचें वजन साडेचारशें-पांचशें किलोंच्या आसपास असतें. मोठ्या, पक्क्या भिंतींच्या कुटीचें दीड हजार किलोंच्याही पलीकडे जातें. अर्थात् कुटी व गाडी यांची सोयरीक जुळविणें हें तेथें मोठें काम होऊन बसतें. पत्रिका न पाहतां केलेली ही सोयरीक रस्त्यावर मोडते.

तेथील नियमाप्रमाणें चालकाच्या दाराशीं एक पट्टी लावलेली असते. तिजवर गाडीचें मालासह कमाल वजन आणि पुढील व मागील आंसावर पडूं द्यावयाचें कमाल वजन छापलेलें असतें. शिवाय कॅम्पर वाहूं शकणाऱ्या गाडीबरोबर, ओझें किती असावें व त्याचा भारमध्य हौद्यांत कोठून कोठपर्यंत असावा, हेंही कारखानदारास लिहून द्यावें लागतें. इतकें असूनही लोक फसतात, आणि त्यांच्या फसण्याच्या जागा तीन आहेत. पहिली अशी कीं, विकणारा कुटीचें कोरडें वजन सांगतो. त्यांत पाणी, गॅस, भांडीं, अंथरुणें व माणसें धरलेलीं नसतात. दुसरी जागा नांवाची. तेथें पिकअपला अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी अशीं नांवें पूर्वापार चालत आलीं आहेत. परंतु आजच्या गाडीच्या खऱ्या क्षमतेशीं त्या नांवांचा मेळ राहिलेला नाहीं. तिसरी, ओढण्याची ताकद व वाहण्याची ताकद एकच समजणें. मागें जोडलेला गाडा ओढण्यास जें बळ लागतें तें इंजिनाचें. पाठीवर ओझें घेण्यास जें लागतें तें पाट्यांचें, आंसाचें, टायरांचें व ब्रेकांचें. बैल जोरकस असला म्हणून गाडीचा कणा मोडावयाचा राहत नाहीं.

आपल्याकडे कॅम्पर नाहीं, पण फसण्याच्या जागा त्याच आहेत. आपणही "दीड टनी गाडी" असें तोंडानें म्हणतों व तेवढ्यावर माल भरतों. नोंदणीपत्रकांत दोन आंकडे स्पष्ट लिहिलेले असतात, एक रिकाम्या गाडीचें वजन व दुसरा मालासह एकूण वजन. परंतु तें पत्रक पोलिसांस दाखविण्यापलीकडे आपण क्वचितच उघडतों.

महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास हा प्रकार ओळखीचा वाटतो. सातबाराच्या उताऱ्यावर एकूण क्षेत्र दोन हेक्टर लिहिलें आहे म्हणून दोन हेक्टरांत नांगर चालत नाहीं. ओढा, खडक, बांध यांचा पोटखराबा वजा जातां जें उरतें तेंच लागवडीचें क्षेत्र. गाडीसही तसाच पोटखराबा असतो, आणि तो वजा न करतां केलेला भराईचा अंदाज म्हणजे ओढ्यांत पेरलेलें बीं होय.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतों. नोंदणीपत्रकांत एकूण वजन २,९५० किलो व रिकामें वजन १,७०० किलो आहे असें समजूं. वजाबाकी १,२५० किलो. मालक येथेंच थांबतो व सव्वा टनाची गाडी म्हणून सांगत सुटतो. परंतु कायद्याच्या व्याख्येप्रमाणें रिकाम्या वजनांत चालक व त्याचा सोबती धरलेले नसतात. चालक व दोन माणसें यांचे २०० किलो. मागाहून लावलेल्या लोखंडी जाळ्या, ताडपत्री, दोर, अवजारांची पेटी यांचे १०० किलो. हा झाला पोटखराबा ३०० किलो. खरी शिल्लक ९५० किलो.

आतां या गाडीवर हजार लिटरची टाकी बसवूं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेव्हां पाणीच १,००० किलो झालें. टाकी, तिच्याखालचा लोखंडी सांगाडा, पंप, त्याचें इंजिन व नळ्या मिळून २०० किलो धरले तर ओझें १,२०० किलो होतें. म्हणजे शिलकेपेक्षां २५० किलो जास्त. यावर कोणी म्हणेल कीं, टाकी पाऊणच भरूं. हिशेबास तें बरोबर उतरतें, पण रस्त्यास उतरत नाहीं. अर्धवट भरलेल्या टाकींतील पाणी वळणावर एका बाजूस धांवतें व ब्रेक दाबतांच पुढें आदळतें. टाकींत आडपडदे नसतील तर हा हेलकावा गाडी लोळविण्यासही पुरेसा होतो. सबब मोठी टाकी कमी भरण्यापेक्षां सहाशें-सातशें लिटरची टाकी घेऊन ती पूर्ण भरावी, हेंच शहाणपणाचें. लहान टाकीचा सांगाडाही हलका असतो, हा आणखी लाभ.

हौदा भरला म्हणजे गाडी भरली, हा दुसरा भ्रम. कडब्याचा डोंगर रचला तरी वजन बेताचें राहतें. उलट वाळूनें हौदा कांठोकांठ भरणें म्हणजे गाडीची हत्या आहे. अडीच मीटर लांब, १.७ मीटर रुंद व ४० सेंटिमीटर खोल हौद्यांत १.७ घनमीटर वाळू मावते. कोरड्या वाळूचें वजन घनमीटरास सुमारें १,६०० किलो असतें. तेव्हां तो हौदा २,७०० किलोंहून अधिक झाला. ओली वाळू याहूनही जड. शेणखताचें तसेंच आहे: उन्हाळ्यांतील सुकें खत व पावसांत भिजलेलें खत यांच्या एका खेपेच्या वजनांत मोठा फरक पडतो. डोळा मापतो तें आकारमान. वजन मापतो तो काटा.

वजन बरोबर असलें तरी तें ठेवावें कोठें हा प्रश्न उरतोच. हें ज्ञान आपल्या वाडवडिलांस उत्तम होतें. ओझें मागें जास्त झालें कीं बैलगाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें. पुढें जास्त झालें कीं तें बैलांच्या मानेवर बसतें. पिकअपचाही न्याय हाच. पुढच्या व मागच्या आंसांत तीन मीटर अंतर आहे असें धरूं. सहाशें किलोंचें ओझें मागच्या आंसाच्या पुढें एक मीटरवर ठेवलें, तर मागच्या आंसावर ४०० व पुढच्यावर २०० किलो भार वांटून पडतो. तेंच ओझें मागच्या आंसाच्या मागें अर्धा मीटर ठेवलें, तर मागच्या आंसावर ७०० किलो पडतात व पुढचा आंस उलट १०० किलोंनीं हलका होतो. गाडी उलाळ झाली. फरक इतकाच कीं, येथें जूं वर जात नाहीं, तर पुढच्या चाकांची पकड जाते. स्टिअरिंग हलकें लागूं लागलें म्हणजे गाडी खुषींत आहे असें नव्हे. म्हणून जड वस्तु हौद्यांत पुढें, मागच्या आंसाच्या अलीकडे, होईल तितकी खालीं व मधोमध ठेवावी, आणि ती पक्की बांधावी.

पुष्कळ मालक गाडीस जादा पाटे घालून घेतात व ताकद वाढली असें समाधान मानतात. पाटे वाढविल्यानें गाडी मागें दबलेली दिसत नाहीं, एवढेंच होतें. आंस तोच, चासी तीच, चाकांचे बेअरिंग तेच, ब्रेकही तेच राहतात, आणि नोंदणीपत्रकांतील आंकडाही तोच राहतो. ताप मोजण्याचें यंत्र फोडल्यानें ताप उतरत नाहीं. टायरांची गोष्टही अशीच. टायरावर भाराचा एक सांकेतिक आंकडा असतो. १०० असल्यास एका टायरास ८०० किलो व १०६ असल्यास ९५० किलो, आणि तेही ठरलेली हवा भरलेली असेल तरच. ब्रेकांविषयीं एवढेंच सांगतों कीं, वजन सव्वापट झालें तर गाडी थांबविण्याचें काम सव्वापट होतें, आणि वेग दुप्पट झाला तर चौपट. माळशेज अथवा कसाऱ्याचा घाट उतरतांना तापलेल्या ब्रेकांस मालकाची अडचण समजत नाहीं.

कायद्याची बाजूही जाणून असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणें नोंदणीपत्रकांतील एकूण वजनाहून अधिक भार घेऊन गाडी चालविण्यास मनाई आहे. २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें कलम १९४ खालचा दंड २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये असा ठरला. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढें जाऊं द्यावयाची नाहीं, असेंही त्यांत आहे. टोमॅटोची गाडी भर उन्हांत अडकली म्हणजे दंडाहून माल जास्त जातो. कायमची वस्तु बसवून गाडीचा मूळ तपशील बदलत असेल तर कलम ५२ आड येतें. तेव्हां परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें. २०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा ठरविला. त्याचा अर्थ ७,५०० किलो भरण्यास मोकळीक मिळाली असा कोणी करूं नये. तो निर्णय परवान्याविषयीं आहे, भाराविषयीं नाहीं.

आक्षेप येणार हें मी जाणतों. "सगळेच असें भरतात," हा पहिला. सगळ्यांच्या गाड्यांचे ब्रेक आपल्या गाडीस लागत नाहींत. "कारखानदार थोडी जास्त ताकद ठेवतोच," हा दुसरा. ठेवीत असेल, पण ती खड्ड्यासाठीं, धक्क्यासाठीं व जुन्या होत जाणाऱ्या लोखंडासाठीं आहे, आपल्या लोभासाठीं नव्हे. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: "भाव पडलेला, डिझेल महाग; दोन खेपा परवडत नाहींत." याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु एका खेपेंत वांचलेलें डिझेल आणि अवेळीं गेलेले टायर, मोडलेले पाटे, झिजलेले ब्रेक यांचा खर्च एका वहींत समोरासमोर लिहून वर्षअखेर बेरीज करावी. आणि एक रकाना असा आहे कीं, ज्याची बेरीज होत नाहीं. चालकाच्या जागीं बसलेला मुलगा बहुधा आपल्याच गांवचा असतो, आणि समोरून मोटारसायकलीवर येणाराही कोणाचा तरी कर्ता पुरुष असतो. आपल्या वांचलेल्या खेपेचा धोका त्यांनीं कां पत्करावा? माल उतरवून रिकाम्या हौद्यांत मजूर बसवून आणण्याची चाल तर सर्वस्वी सोडली पाहिजे. तो हौदा मालासाठीं आहे, माणसांसाठीं नाहीं.

केवळ उपदेशानें काम होत नाहीं, म्हणून तीन सूचना करतों. पहिली, प्रत्येक सभासदानें आपली गाडी, तिच्यावरील टाकी-जाळ्यांसह व चालकासह, पण मालाविना, एकदां भुईकाट्यावर न्यावी, आणि एकूण वजनांतून तो आंकडा वजा करून आलेली शिल्लक दाराच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहून ठेवावी. काट्याची पावती फार थोड्या पैशांत मिळते. जमल्यास पुढचीं व मागचीं चाकें वेगळीं तोलावीं. दुसरी, टाक्या, फवारणीचीं यंत्रें व सांगाडे बनविणाऱ्यांकडून वस्तूचें रिकामें व भरलेलें वजन पावतीवर लिहून घेतल्याशिवाय कोणी पैसे देऊं नयेत. उद्यां कोणी पाहुण्यांसाठीं कुटी बसवावयास निघाला तरी हाच नियम. तिसरी सूचना संघास आहे. बाजार समित्यांच्या व साखर कारखान्यांच्या काट्यांवर सभासदांच्या गाड्या वर्षांतून एकदां विनामूल्य तोलून मिळाव्यात, अशी मागणी संघानें लेखी करावी. कारखान्याच्या काट्यावर आपला ऊस नीट तोलला जावा म्हणून आपण दक्ष असतों. तितकीच दक्षता आपली गाडी तोलण्यांत दाखवावी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण कर्जाच्या व लग्नखर्चाच्या बाबतींत एकमेकांस नित्य ऐकवितों. गाडीचें अंथरूण किती लांब आहे हें नोंदणीपत्रकांत लिहिलेलें आहे. तें वाचण्यास पांच मिनिटें व तोलण्यास एक फेरी लागते. पुढच्या हंगामाची पहिली गाडी भरण्यापूर्वीं सभासदांनीं एवढें करावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.