अण्णांसाठी करवत

दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो, तसं चेन्नईत ऑक्टोबरच्या आधी झाडांकडे बघावं लागतं. महाराष्ट्रातला पाऊस परतीला लागला की इथला सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत वादळाची धास्ती असते. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा वादळ आलं तेव्हा शहरातली हजारो झाडं आडवी झाली. आमच्या गल्लीतला गुलमोहरही त्यातलाच. सोनमोहर वाचला, पण तेव्हापासून त्याच्या वाळक्या आणि गच्चीवर झुकलेल्या फांद्या दरवर्षी उतरवून घेतो.

ते काम करायला अण्णा येतात. मूळचे ते नारळ उतरवणारे. कमरेला कोयता, इकडे त्याला अरुवाळ म्हणतात. नारळाच्या झावळीला तो उत्तम, पण मनगटाएवढ्या फांदीवर घाव घालायला पायाखाली जमीन लागते. गेल्या वर्षी त्यांनी कुठूनतरी सुताराची करवत मागून आणली होती. ती ओल्या लाकडात अडकली, अण्णांनी जोर लावला, फांदी अर्ध्यातून मोडली आणि खोडाची हातभर साल ओरबाडून गेली. अण्णा दोराला लोंबकळत राहिले. खाली उभ्या माझ्या घशाला कोरड पडली. तेव्हाच ठरवलं, या वर्षी करवत आपण आणायची.

दुकानात गेले आणि कळलं की प्रश्न वाटला तितका सोपा नाही.

सुताराची नेहमीची करवत ढकलताना कापते. झाडावर दोराला टेकून ढकलायचं म्हणजे स्वतःच मागे सरायचं. झाडाची करवत ओढताना कापणारी हवी. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ असलं तरी वाकत नाही. जपानी करवती याच पद्धतीच्या असतात आणि जगभर झाडावर चढणारे लोक त्या वापरतात.

दुसरी गोष्ट दातांची. बारीक दात वाळक्या लाकडाला आणि सफाईदार कापाला चांगले, पण ओल्या लाकडाचा भुसा त्यांत गच्च बसतो. मोठे, विरळ दात ओल्या फांदीत झपझप जातात, बारीक डहाळीला मात्र नुसते हिसके देतात. सगळ्या कामाला एकच करवत घ्यायची तर मधले दात घ्यावेत, थोडे मोठ्याकडे झुकलेले.

लांबीचा माझा अंदाज चुकला होता. मी मोठ्यात मोठी उचलली. दुकानदाराने विचारलं, ‘फांदी केवढी?’ पातं फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट असावं, म्हणजे हात मोकळा मागेपुढे होतो. आमच्या फांद्या फार तर १५ सेंटीमीटरच्या, तेव्हा ३०० ते ३३० मिलिमीटरचं पातं पुरे. त्याहून लांब झालं की दाट फांद्यांत ते फिरवता येत नाही आणि चढताना पायात येतं. पातं किंचित वाकडं घ्या. बाकामुळे ते लाकडात आपोआप चावतं, डोक्यावरच्या फांदीलाही.

घडीची करवत बघायला छान, माझ्या कुंड्यांना मी तीच वापरते. पण वर एक हात फांदीला असताना ती उघडायची कशी? चढणाऱ्याला म्यानातली सरळ बरी. म्यान मांडीला पट्ट्याने बांधता यावं आणि करवत त्यात घट्ट बसावी, कारण खाली मुलं उभी असतातच, कितीही हाकला.

करवत दिली तेव्हा अण्णांनी अंगठ्याने दात चाचपले आणि म्हणाले, ‘अम्मा, ही दोर पण कापेल.’ खरं आहे. ताणलेला दोर अशा पात्याच्या एका ओढीत जाऊ शकतो. म्हणून कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, हे आम्ही आता मजुरी ठरवतानाच बोलून घेतो. दुसऱ्या दोराचे पैसे सोसायटीने द्यायला कुरकुर केली, पण दिले. जवळून विजेची तार जात असेल तर आधी वीजमंडळाला कळवायचं, आणि मोठी फांदी असेल तर महापालिकेत विचारायचं.

या वेळी अण्णांनी साल वाचवली. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून काप. फांदी तिथेच तुटून पडली, खोडाकडे फाटली नाही. उरलेला खुंट शेवटी कापला, तोही खोडाला अगदी चिकटून नाही, तर बुडाशी जी फुगीर कडा असते तिच्या बाहेरून. जखम तिथूनच भरते.

संध्याकाळी करवत माझ्याकडे आली. पात्यावर चिकट रस होता. रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि शिलाई मशीनचं तेल लावलं. समुद्राच्या हवेत लोखंड असंच ठेवलं तर आठवड्यात तांबूस होतं. दातांची टोकं निळसर काळी आहेत, म्हणजे ती खास कडक केलेली. त्यांना कानस लागत नाही, बोथट झाली की पातं बदलायचं. तसं जास्तीचं पातं मिळतं ना, हे घेतानाच विचारा. मी विचारलं नव्हतं, परत जावं लागलं.

पुढच्या आठवड्यात अण्णा शेजारच्या सोसायटीतल्या झाडासाठी करवत मागायला आले. आता ती त्यांच्याकडेच असते.