संशय घ्या, पण दोन्ही बाजूंचा घ्या



मागच्या रविवारी अभिषेक झाल्यावर आम्ही आठ-दहा जणी मंदिराच्या पायरीवर बसलो होतो. विषय नेहमीचाच निघाला. "बातम्या सगळ्या विकत घेतलेल्या असतात." "डॉक्टरांना कंपन्या पोसतात." "कबुतरांमुळे कुणी आजारी पडतं का? आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर दाणे घातले, त्यांना काय झालं?" सगळ्यांच्या माना डोलल्या. तीन वर्षांपूर्वी माझीही डोलली असती. या वेळी डोलली नाही, पण तोंडातून शब्दही निघाला नाही. घरी येऊन भात लावला, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता स्वतःचाच राग आला. म्हणून आज लिहिते. कुणाला टोचलं तर टोचू दे, मी तुमचीच आहे.

आधी एक सांगते, मी वर्तमानपत्रांची वकील नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण, आमची माधुरी, वनताराला नेली तेव्हा माझ्या भावाच्या घरी दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मी टीव्ही लावला तर आमच्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी एखाद्या तमाशासारखं दाखवत होते. त्यानंतर आठवडाभरातच दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि ६ ऑगस्टला आपल्याच लोकांनी ती ताडपत्री आणि बांबू उखडले. मी पाहिलेल्या प्रत्येक चॅनेलवर दिवसभर ती फाटलेली ताडपत्री. १९३३ पासूनच्या त्या जागेवर ज्या पक्ष्यांना पिढ्यान् पिढ्या सवय लावली, ते उद्या काय खातील, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

सक्तीबद्दलही माझं मन साफ नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लोकल सुरू झाली ती लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी, आणि दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस झालेल्यांसाठी. माझ्याकडे धुण्याभांड्यांना येणारी बाई मानखुर्दहून यायची. तिला दुसरा डोस मिळेपर्यंत तिचा पगार मी चालू ठेवला, पण तिच्या इतर तीन घरांनी ठेवला नाही. पुढे २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की कुणाला लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली करा. तेव्हा प्रश्न विचारणारे सगळे मूर्ख नव्हते. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं होतं की सरकारचं लसीकरणाचं धोरण अवाजवी किंवा मनमानी नाही. आपल्याकडे फिरलेल्या मेसेजमध्ये पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं.

माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते.

मी सांगलीत बी.कॉम. केलं. नोकरी केली नाही, पण ऑडिटचा एक धडा आयुष्यभर पुरला: प्रत्येक नोंदीला व्हाउचर मागायचं. आवडत्या पार्टीची नोंद असली तरी. आपण करतो काय? पेपरात आलं की, "पुरावा काय?" महापालिकेने सांगितलं की, "आकडे कुठे आहेत?" आणि मामेसासऱ्यांच्या व्याह्यांनी पाठवलेलं फॉरवर्ड आलं की डोळे मिटून पुढे. याला संशय म्हणत नाहीत. एका दुकानाची उधारी बंद करून दुसऱ्या दुकानाला कोरा चेक देणं म्हणतात.

साधं उदाहरण घ्या. "हायकोर्टाने कबुतरखाने बंद केले" हे वाक्य बातम्यांतही ऐकलं, आपल्या रागातही ऐकलं. प्रत्यक्षात ७ ऑगस्टला न्यायालयानेच स्पष्ट केलं की बंद करण्याचा आदेश आम्ही दिलेला नाही. निर्णय महापालिकेचा होता, न्यायालयाने त्याला स्थगिती दिली नव्हती, आणि आता तज्ज्ञांची समिती नेमून अभ्यास व्हावा असं सुचवलं. चॅनेलही चुकलं, आपणही चुकलो. फरक एवढाच की चॅनेलला आपण शिव्या दिल्या.

आता माझी स्वतःची चूक सांगते.

नेरूळला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. सासूबाई गेल्यावर त्यांचा नेम मी चालू ठेवला होता: रोज सकाळी खिडकीबाहेरच्या कठड्यावर मूठभर ज्वारी. पंचवीस-तीस कबुतरं यायची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना खोकला लागला. कोरडा, थांबता थांबेना. वर्षभर दम्याचं औषध झालं. मग जिना चढताना धाप, मग बोलताना धाप. शेवटी एका डॉक्टरांनी छातीचा एचआरसीटी काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या महिला ग्रुपवर एक मेसेज टाकला होता: "कबुतरांमुळे आजार झाल्याची जगात एकही नोंद नाही, हे बिल्डरांचं कारस्थान आहे." मी वाचला, आवडला, पाठवला. वहिनींनी तो ऑक्सिजनची नळी नाकाला लावून वाचला. त्यांनी मला काही म्हटलं नाही. त्यांच्या सुनेने फक्त रिपोर्टचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता.

मग मी व्हाउचर शोधायला लागले. तोवर उशीर झाला होता, पण शोधलं. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा संसर्ग नाही, त्यामुळे कबुतर "आजारी" दिसायची गरज नाही. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ श्वासातून जाते, आणि काही माणसांचं शरीर त्यातल्या प्रथिनांवर तुटून पडतं. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होतं त्यांच्या फुप्फुसावर हळूहळू व्रण धरतात, आणि एकदा जून झालेला व्रण परत मऊ होत नाही. पहिला उपाय म्हणजे ती धूळ बंद करणं.

आणि आपल्या बाजूचं व्हाउचरही मिळालं, ते लपवणार नाही. २०१७ मध्ये भारतातल्या अशा फुप्फुसरोगांची एक मोठी नोंदवही प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार होता. पण त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत संशयाचं बोट एअर कूलरकडे होतं, कबुतरांकडे नाही. म्हणजे "सगळं कबुतरांमुळेच" म्हणणारेही पूर्ण हिशेब सांगत नाहीत. आणि "कबुतरांमुळे काहीच नाही" म्हणणारे तर वहीच उघडत नाहीत. अनेकांतवाद आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो, आंधळे आणि हत्तीची गोष्ट सांगतो. स्वतःवर वेळ आली की मात्र आपल्या हाताला लागलेली शेपटी म्हणजेच हत्ती!

"आज्यांना काय झालं नाही," याचं उत्तरही देते. आजी अंगणात दाणे टाकायची. वर आभाळ होतं, चारी बाजूंनी वारा होता. माझी ज्वारी चार बाय चारच्या डक्टमध्ये पडत होती, जिथे सहा घरांच्या स्वयंपाकघरांचा श्वास आहे. आणि आज्यांना खरंच काही झालं नाही का? "दम्याने गेली" असं म्हणून आपण किती जणींना पोचवलं? तेव्हा एचआरसीटी कुठे होता?

जुनं पाहायचंच तर आणखी मागे चला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. वाशीच्या दाणाबंदरातल्या कितीतरी पेढ्यांची मुळं तिकडचीच. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग सरकारने घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसं ओढून नेली, सामान जाळलं. लोकांचा राग रास्त होता. पुण्यात त्या रागातून १८९७ मध्ये रँडवर गोळी चालली. गंमत म्हणजे प्लेग उंदराच्या पिसवांमधून माणसात येतो हे तेव्हा साहेबांनाही माहीत नव्हतं, ते १८९८ मध्ये सिमाँ यांनी दाखवलं. म्हणजे सरकार क्रूर होतं, बरंचसं अडाणीही होतं. पण प्लेग खरा होता. अधिकाऱ्याची अरेरावी खरी म्हणून आजार खोटा ठरत नाही. आपण नेमकी हीच गफलत करतो आहोत.

आता धर्माचं बोलू, कारण पायरीवर शेवटचा शब्द तोच असतो: "ते जीवदयेच्या विरुद्ध आहेत."

आपण पाणी गाळून का पितो? त्यातले जीव डोळ्यांना दिसतात म्हणून? दिसत नाहीत, तरी आहेत हे मानतो म्हणून. सूर्यास्तानंतर का जेवत नाही? न दिसणारा जीव नकळत मरेल म्हणून. ज्या समाजाने न दिसणाऱ्यावर एवढा विश्वास ठेवून रोजचं आयुष्य बांधलं, त्या समाजाने "धूळ दिसत नाही, म्हणजे नाही" म्हणावं? प्रमादाने, बेफिकिरीने घडलेली हिंसा ही हिंसाच, हे आपल्याला कुठल्या डॉक्टरने शिकवायला नको. आणि खातरजमा न करता पुढे ढकललेलं खोटं सत्य अणुव्रतात बसतं का, हे ज्याने त्याने सामायिकाला बसल्यावर स्वतःला विचारावं. वरच्या मजल्यावरची पंचेंद्रिय माणसंही जीवच आहेत हो!

याचा अर्थ पक्षी मरू द्यावेत असा नाही. मुंबईत १८३४ पासून पांजरपोळ आहे. आपल्या पूर्वजांनी दया केली ती जागा, माणसं आणि पैसा लावून. ऑक्टोबर २०२५ अखेर मुंबई महापालिकेने चार ठिकाणी सकाळी सात ते नऊ दाणे घालायला तात्पुरती परवानगी दिली. त्यातलं एक ऐरोली-मुलुंड नाक्याजवळ, आपल्या खाडीपलीकडेच. जागा वस्तीपासून पुरेशी दूर आहे का, साफसफाई कोण करतं, याचा जाब जरूर विचारा. तज्ज्ञांनी काय पाहिलं ते मराठीत, साध्या भाषेत लोकांपुढे ठेवा, अशी मागणी करा. मी सही करायला येईन. पण "आजारच नाही" या निवेदनावर माझी सही मिळणार नाही.

माझ्या कठड्यावर आता जाळी आहे. घरात थोडं वाजलं. "आईचा नेम मोडलास," म्हणून हे चार दिवस नीट बोलले नाहीत. रोजच्या ज्वारीचे पैसे डब्यात टाकते, महिन्याला पांजरपोळात देते.

वहिनींच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारलं, "माझ्या दाण्यांमुळेच का?" ते म्हणाले, तसं खात्रीने सांगता येणार नाही, आसपास कबुतरं भरपूर आहेत. मी त्या वाक्याच्या आड लपू शकले असते. पण पाठवलेला मेसेज माझाच होता, त्याला दुसरा कुणी धनी नाही. क्षमावाणीला वर गेले, हात जोडले. वहिनी म्हणाल्या, "अहो, बसा आधी. चहा घेता?" आणि उठायला गेल्या तर उठवेना. चहा मीच केला.

पुढच्या रविवारी पायरीवर विषय निघेल तेव्हा मी बोलणार आहे.

उत्तम क्षमा.