चार हजार लाईक आणि अर्धा किलो हळद

या वीकांताला सातारा-सांगली वारी झाली. साताऱ्यात काकांचं कंदी पेढ्याचं दुकान, सांगलीत मामांचं हळद-बेदाण्याचं. सगळ्या गोतावळ्यात मी एकटाच ‘कॉम्प्युटरवाला’, त्यामुळे मामांकडे चहाच्या आधी हातात मोबाईल पडला. "बघ रे, आपलं पेज कसं झालंय!"

पेज झकास होतं. एका एजन्सीला मामा महिन्याला सहा हजार मोजतात. त्यात पाडव्याच्या शुभेच्छा, अक्षय्य तृतीयेच्या शुभेच्छा, मदर्स डे, योगदिन... आणि प्रत्येकावर कोपऱ्यात मामांचा हात जोडलेला फोटो. नगरसेवकाचा फ्लेक्सच म्हणा ना. हळद? ती कुठेच नाही! भाव नाही, दुकान कधी उघडतं ते नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा साधा उल्लेख नाही. ठाण्याच्या एका बाईंनी खाली विचारलेलं, "राजापुरी अर्धा किलो कुरियरने पाठवाल का?" त्याला तीन आठवडे झाले. एजन्सीने उत्तर म्हणून एक बदाम टाकलाय!

लाईक मात्र चार हजार. ते कुठल्या गावचे हे आत दिसतं, मी उघडून बघितलं. सांगली पाचव्या नंबरावर. वरच्या चार गावांतून आजवर एकही पुडा गेलेला नाही.

मला एजन्सीचा राग नाही... खोटं कशाला बोलू, आहेच. त्यांच्या पोराला फोन लावला तर म्हणतो, "सर, हे ब्रँडिंग आहे." अरे बाबा, ज्याचा माल प्रत्येक टपरीवर मिळतो त्या कोल्ड्रिंकवाल्याने नुसतं नाव दाखवत फिरावं, ते परवडतं त्याला. मामांचं एकच गल्ला आहे.

आणि हे सगळं बांधकाम दुसऱ्याच्या जागेत. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, लाखो फॉलोअरवाले रातोरात शून्यावर. फेसबुक पेजवर टाकलेलं किती जणांना दाखवायचं हे फेसबुक ठरवतं, आणि जास्त जणांना दाखवायचं तर पैसे मागतं.

गंमत म्हणजे मामांना हे काम आधी उत्तम जमलं होतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतो ना? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलेलं. दुकान पाण्यात. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. पाणी ओसरल्यावर मामांनी भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेचा फोटो काढला आणि जुन्या १८० गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला: "खालचा माल भिजला, तो विकणार नाही. माळ्यावरची हळद कोरडी आहे. सोमवारी दुकान उघडतोय." माळा दहा दिवसांत रिकामा झाला. ना लोगो, ना हॅशटॅग.

मग करायचं काय? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग करून भाव टाका. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. लोक याला अडचण म्हणतात, मला तीच चाळणी वाटते. गूगल मॅपवर दुकानाची जागा आणि वेळा बरोबर टाका. काकांच्या दुकानाचा पिन अजून जुन्या गल्लीत आहे, टुरिस्ट तिथून परत जातात! इन्स्टा हवंच असेल तर आज कढईत काय आहे ते दाखवा, खवा भाजताना कोण बघणार नाही? आणि गिऱ्हाइकांचे नंबर वहीतही लिहा, कारण व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा फेसबुकवाल्यांचंच.

ठाण्याच्या बाईंना मी तिथेच उत्तर टाकलं. जेवणं होईपर्यंत त्यांचा मेसेज आला, "थँक्यू, पण आम्ही घेतली दुसरीकडून."

मामांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "एजन्सीला दिवाळीपर्यंतचे पैसे आधीच देऊन बसलोय रे."